नळीवरची सावली

लेकीच्या डोहाळजेवणासाठी हेमलताबाईंनी गच्चीवर मंडप घातला आणि पाण्याची काचनळी त्याच्या सावलीत गेली. साऱ्या गल्लीचं पाणी या नळीतूनच, गच्चीगच्चीवरून, उन्हानं शुद्ध होत पुढच्या घरी जाई. तिच्यावर सावली पडू द्यायची नाही, हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. पण नळीच्या आतला नवा लेप म्हणे ढगाळ उजेडातही जंतू मारतो. एका दुपारीत काय बिघडणार, असं हेमलताबाईंना वाटलं.

त्याच आठवड्यात पुढच्या घरातल्या यास्मिनचे सासरे जुलाबांनी दवाखान्यात दाखल झाले. हेमलताबाई पेज घेऊन तिथे भेटायला गेल्या.

"चूक माझीच, काकू," यास्मिन म्हणाली. "माठ नीट घासला नसणार मी. घरात सगळे मलाच बोलतायत."

पेजेचा डबा घेताना तिनं "तुमचे किती उपकार" म्हटलं, तेव्हा हेमलताबाईंना तिच्याकडे बघवेना. दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

"माठ स्वच्छच होता," खाटेवरच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "नळीवर मंडप मी घातला होता."

यास्मिननं हातातला डबा हळूच खाली ठेवला.