सीटवरचा हात

"सर, माझी सायकल धरायला दुसरा माणूस द्या. भूपाल मला मुद्दाम उशिरा सोडतो," रणधीर म्हणाला.

संघातली भूपालची जागा रणधीरनंच घेतली होती. आता शर्यत सुटेपर्यंत रणधीरच्या सायकलची सीट धरून उभं राहणं, एवढंच भूपालच्या वाट्याला उरलं होतं. असा माणूस डूख धरणारच! सरावात दरवेळी त्याचा हात क्षणभर रेंगाळायचा, ते रणधीरला बरोबर जाणवायचं.

सरांनी माणूस बदलला.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, पदकाच्या सांघिक शर्यतीत, रणधीर बंदुकीच्या आवाजाआधीच सुटला. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तेच. दोनदा चूक, म्हणून तिघांचा अख्खा संघ बाद!

भूपालनं रणधीरची सायकल उचलली.

"तुझा पाय बंदुकीची वाट बघत नाही," तो म्हणाला. "म्हणून तर घट्ट धरायचो."