बक्षीसपत्र

बिरवाडीत भिशी चालवणारा नितेश बायको सुमित्राला घेऊन महाडला वकिलाकडे गेला. भिशी बुडाली होती, आणि कंपनीतल्या कामगारांच्या बायका रोज दारात येऊन बसत होत्या.

"नादारी म्हणजे कर्जमाफी नव्हे," वकील चैत्राली मॅडमनी समजावलं. "तुमचं जे काही आहे ते कोर्टापुढे ठेवायचं. ते विकून लोकांचं देणं भागवतात. तरीही जे फिटत नाही, त्यातून सुटका मिळू शकते."

"माझ्या नावावर काय नाय," नितेश हसत म्हणाला. "घर हिच्या वाढदिवसाला बक्षीसपत्र करून हिला दिलंय. दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज केला तर कोर्ट असलं बक्षीस मोडू शकतं, म्हणून तर ती मुदत उलटल्यावरच तुमच्याकडं आलोय."

सुमित्राला तो वाढदिवस आठवला. कामगारांच्या खोल्याखोल्यांतून फिरून तिने पेढे वाटले होते. एवढा दिलदार माणूस आपल्याला कशाला बुडवेल, असं म्हणत त्याच बायकांनी नंतर भिशीत पैसे टाकले होते. खुर्चीच्या पाठीवर त्याने टाकलेला हात तिला लागत होता. ती पुढे सरकून बसली.

"मॅडम, हे घर विकायला यांची सही लागते का?"

"नाही. घर तुमचं आहे."

"अगो, वेडी हायस का? तुझ्यासाठीच तर वाचवलंय ते," नितेश म्हणाला.

सुमित्राने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"यांचा अर्ज राहू दे, मॅडम," ती म्हणाली. "आधी माझ्या घराच्या विक्रीचं खरेदीखत करा. दारात बसलेल्या बायकांचे पैसे फेडायचेत."