पहिल्या चाळिसांतली

डिकीतलं जादा चाक काढून बाजूला ठेवलं आणि तिघं एकदम आत वाकले. चौथा वाकला नाही. ज्याच्यासाठी चाक काढलं होतं, तोच तो.

“काका, बघा ना,” गाडीवाल्या बाई म्हणाल्या. “तुम्हाला त्यासाठीच तर बोलावलंय.”

वेल्डरकाकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, ते बरोबर पाहिलं.

गाडी लाल, दोनच माणसांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. बेचाळीस वर्षांपूर्वी अशा नऊशे निघाल्या. पहिल्या चाळीस एका पत्र्याच्या शेडमध्ये, बाकीच्या नव्या कारखान्यात. ही पहिल्या चाळिसांतली ठरली तर बाईंना दुप्पट पैसे मिळणार होते आणि त्यांच्या गॅरेजची जागा त्यांच्या नावावर होणार होती. नाही ठरली तर महिनाअखेर जागा खाली. गाडीच्या नंबरपट्टीवर तेवीस कोरलेलं होतं. पण पट्टी काय, दोन रिव्हेट उडवले की बदलते. गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आजवर तेवीस नंबरच्याच दोन गाड्या पाहून आलं होतं. ही तिसरी.

“म्हणजे पहिल्या चाळीस जास्त पळतात का?” काकूंनी विचारलं.

“छे हो,” गिऱ्हाईक म्हणालं. “उलट दारं दोनदा आपटावी लागतात. पावसात पायाशी तळं साचतं.”

“मग नंतरच्यांत ते सुधारलं नाही?”

“सुधारलं ना. म्हणून तर त्या स्वस्त.”

काकूंनी मान हलवली. समजल्यासारखी नव्हे, पुढे कधीतरी लागेल म्हणून जपून ठेवल्यासारखी.

गिऱ्हाइकानं टॉर्च आत धरला. डिकीच्या तळाला दोन पत्रे जोडणारी वेल्डिंगची रेघ होती. हातभर सरळ जात होती, मग डावीकडे कलत होती आणि शेवटी गळासारखी वळून टाकीमागे दिसेनाशी होत होती.

“पहिल्या चाळिसांत ही रेघ अशीच असते म्हणतात. शेडमध्ये हे काम एकाच माणसाकडे होतं. तो माणूस तुम्हीच ना?”

काकू हसल्या. “यांची असेल तर मी नाव बदलीन. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललं तर झोप लागत नाही यांना. आणि ही रेघ!”

वेल्डरकाका काकूंकडे बघत नव्हते, डिकीकडेही नाही.

“माझी नाही,” ते म्हणाले.

बाई काढून ठेवलेल्या चाकावर मटकन बसल्या. गिऱ्हाइकानं वही मिटली, पेनाला टोपण लावलं.

“मग प्रश्नच मिटला. गाडी खोटी.”

“खोटी?” काकांनी विचारलं.

“पट्टी बदललेली. बाई, तुमचा दोष नाही म्हणा, पण...”

“खोटी कशानं?” काकांचा आवाज चढला. “गाडी खोटी नाही. वाकडी आहे.”

काका पुढे झाले. चष्मा न लावताच त्यांनी डावा हात आत घातला आणि रेघेवरून टाकीपर्यंत नेला.

“टाकीच्या मागे हात घाला. अजून आत. वाटाण्याएवढा थेंब लागतो का?”

गिऱ्हाईक खांद्यापर्यंत आत गेलं. “लागतो! हे कुठल्याच पुस्तकात नाही हो!”

“पुस्तकात कसं असेल? मी काय सांगत फिरलो?” काकांनी हात पँटला पुसला. “मी डावरा. शेडमधला पत्रे पकडून ठेवणारा शिकंजा उजव्या हाताच्या माणसासाठी बसवलेला. रेघेच्या शेवटच्या चार बोटांपर्यंत हात पोचायचाच नाही. मग खाली उताणा झोपून मी ते टोक गाठायचो. तिथं थेंब लोंबायचा. शिकंजा बदलून द्या म्हणायची लाज वाटली. नवीनच लागलो होतो.” ते थांबले. “कारखान्यात गेल्यावर शिकंजा बदलला. एक्केचाळीसपासून बघा. फूटपट्टी लावून बघा. माझं काम म्हणजे ते.”

“ते कुणी बघत नाही,” गिऱ्हाईक डिकीत डोकं घालून म्हणालं. ते थेंबाचा फोटो काढत होतं.

बाईंचा जीव भांड्यात पडला. चाकावरून उठल्या त्या थेट काकांचे हात धरायलाच. काका मात्र अजून रेघेतच अडकलेले.

“दुप्पट?” ते म्हणाले. “याच्यासाठी?”

“याच्यासाठीच.”

“ग्राइंडर आहे का इथे? दहा मिनिटांत सरळ करून देतो. पैसे नकोत.”

“नको!” बाई आणि गिऱ्हाईक एकदमच ओरडले. बाईंनी धावत येऊन डिकी आपटली. ती लागली नाही. दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा लागली.

गॅरेजमधून निघून काका-काकू घराकडे चालू लागले. बोलल्याप्रमाणे काकूंना आता नाव बदलावं लागणार होतं, पण त्याची आठवण काकांनी काढली नाही.

“आपल्या पहिल्या घरातले पडदे आठवतात?” काकूंनी विचारलं. “मी तेव्हा नुकती मशीन शिकले होते. तुम्ही शिवण तीनदा उसवायला लावलीत.”

काका थांबले.

“कुठे आहेत ते?”

“पायपुसणी केली त्यांची,” काकू म्हणाल्या. “सरळ शिवलीयत मात्र.”