उत्तरं कुठं ठेवायची

“थोडं थांब, या पोरीचं अडलंय,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडं वळले.

सुकन्या दारातच उभी राहिली. नवऱ्याचं घर सोडून ती पुण्याहून मिरजगावला वडिलांकडं आली होती. अण्णांना ते अजून सांगायचं होतं.

पुणतांब्याची कुणी निकिता विहिरींच्या पाणीपातळीचा प्रोग्राम लिहीत होती. विहीर कोरडी निघाली की तो बंद पडायचा. अण्णा दोन बोटांनी टाइप करत होते : ‘चूक तुझी नाही. विहीर कोरडीही असते, हे प्रोग्रामला आधी सांगावं लागतं. कंटाळू नकोस. अडलीस तर पुन्हा विचार.’

अण्णांच्या, म्हणजे राधाकृष्ण सरांच्या, ईमेल-लिस्टवर असे प्रश्न वर्षानुवर्षं येत होते. पाऊस, भूजल, हवामान यांची गणितं कॉम्प्युटरवर मांडणारे कुठकुठले लोक तिथं जमायचे. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर अण्णांनी लिस्टचं सगळं बिऱ्हाड घरातल्या मशीनवर आणलं होतं.

“हं, बोल,” बऱ्याच वेळानं ते म्हणाले. डोळे पडद्यावरच होते.

“काही नाही. जेवायला चला. पिठलं निवतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

तेरावं झाल्यावर लिस्टवरच्या हर्षलचा फोन आला. लिस्ट बंद पडली होती. मंडळींना बोलायला नवी जागा हवी होती, आणि ती सरांच्या घरी बसूनच ठरवावी, असं त्याच्या आणि फरहीनच्या मनात होतं.

“या ना,” सुकन्या म्हणाली. “त्यांच्या उत्तरांची दुसरी प्रत आहे का कुठं?”

“मेलमध्ये सुटे तुकडे असतील. पण सर जुन्या उत्तरांतल्या चुका दुरुस्त करत राहायचे. तो सगळा साठा फक्त त्या मशीनमध्ये. जपा, ताई.”

“बरं झालं विचारलं.”

रविवारी दोघं आले. हर्षल नगरचा, कंपनीत नोकरीला. फरहीन जामखेडला कॉलेजात शिकवायची.

“सरांची मान्सं व्हय तुमी?” शेजारच्या भीमाबाईंनी दारातूनच विचारलं. “बसा, च्या टाकते. लई देवमानूस. माजा मोबाईल बी तेच नीट करून द्यायचे.”

चहा यायच्या आत दोघं भांडायला लागले.

“चॅट घेऊ,” हर्षल म्हणाला. “प्रश्न टाकला की दोन मिनिटांत उत्तर.”

“आणि दोन दिवसांत ते उत्तर वाहून गेलेलं,” फरहीन म्हणाली. “मग पुन्हा तोच प्रश्न. फोरमवर निदान मागचं सापडतं.”

“फोरमवर विचारायलाच पोरं घाबरतात. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.”

“हो, आणि तुझ्या चॅटवर गुड मॉर्निंगची फुलं येतात.”

“एकदाच पाठवलं होतं गं! किती वर्षं ऐकवशील?”

सुकन्या हसली. अण्णा गेल्यापासून या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

“ताई, तुम्हीच सांगा,” फरहीन म्हणाली.

“अण्णांची उत्तरं कशात ठेवता येतील?”

“फोरममध्ये. सगळीच्या सगळी उतरवून घेता येतात. चॅटमध्ये नाही जमत.”

“मग तुम्हाला फोरमच घ्यावा लागेल.”

हर्षलनं हात जोडले. “हरलो. सरांच्या उत्तरांचा प्रश्न नसता ना, तर मी हटलो नसतो.”

फोरमला सरांचंच नाव द्यायचं ठरलं. हर्षलनं लगेच सगळ्यांना मेलनं कळवलं. उत्तरं येऊ लागली, तशी फरहीन एकेक मोठ्यानं वाचू लागली. कुणाची पीएचडी सरांमुळे झाली होती, कुणी नोकरीत टिकला होता. एकानं लिहिलं होतं, ‘त्यांना कधी पाहिलं नाही, पण आज बाप गेल्यासारखं वाटतंय.’

फरहीननं मोबाइल खाली ठेवला. “आम्हा सगळ्यांचेच वडील होते ते, ताई.”

सुकन्यानं तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग दोघांना आतल्या खोलीत नेलं आणि हर्षलसाठी खुर्ची ओढून दिली.

हर्षलनं मशीन सुरू केलं. बराच वेळ तो काहीबाही टाइप करत राहिला. फरहीन त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली.

“ताई, इथं काहीच नाही. डिस्क बिघडली की काय?” हर्षलनं विचारलं.

“बिघडली नाही. काल मी पुसली,” सुकन्या म्हणाली. “परत काही मिळणार नाही, अशी. कसं पुसायचं तेही अण्णांच्याच एका उत्तरात होतं.”

“पण का, ताई?” फरहीननं विचारलं.

“वडील माझे होते.”