तिरफळाचं तेल

पांढऱ्या भुकटीचा लेप दिलेली काचेची पट्टी बरणीत उतरवून प्रेमलताने झाकण लावलं, तोच प्रयोगशाळेच्या दारात बाळ रडलं. तिच्या सासूबाई होत्या, हौसाबाई. कडेवर चार महिन्यांचा बाबू, मुठी चोखून लाल झालेला.

"वरचा दूध तोंडात घेणा नाय," हौसाबाई म्हणाल्या. "पुरे झाला ह्यां शिकणां. उद्या सकाळच्या एसटीन गावाक, तोंडवलेक जावया. माझ्या झिलाक मी सांगतंय."

पट्टीच्या तळाशी तिरफळाच्या तेलाचा एकच थेंब होता. तिरफळं सासूबाईंच्याच मसाल्याच्या डब्यातली, तेल तिने काल वाफेवर काढलेलं. आता बरणीतलं द्रावण पट्टीवरून हळूहळू वर चढत होतं. वर पेन्सिलीची रेघ होती. ओल त्या रेघेच्या पुढे गेली की प्रयोग फुकट. आणि हा प्रयोग सरांना आजच दाखवायचा होता.

बाबू पुन्हा कळवळला. तिचं पोलकं भिजलं.

"आई, ही ओल वर चडता ती दिसता? रेघेक लागली काय माका हाक मारा."

"माका शिकवतस? भरती बघण्यात जल्म गेलो माझो."

खरंच होतं ते. होडी लोटायची तर पाणी कुठल्या दगडाला लागायला हवं, हे तोंडवलीत हौसाबाईंनाच विचारत.

तराजूच्या खोलीत दार लोटून प्रेमलता बसली. बाबू घटाघटा प्यायला. त्याचे डोळे मिटत आले, तोच हाक आली, "लागली गो, लागली! धाव!"

वर्गातली पोरं हसली. सरांनी मात्र धावत येऊन पट्टी उचलली, वाळवली, आयोडिनच्या भांड्यात ठेवली. लेपावर तपकिरी ठिपके उमटले. एक, दोन, तीन. तेलातले घटक, एकमेकांपासून सुटे.

"ह्यां सगळां माझ्या तिरफळात?" हौसाबाई वाकून बघत राहिल्या. "आणि मी आपली इतकी वर्सां बांगड्याच्या तिखल्यात टाकीत इलंय!"

मग त्यांनी झोपलेल्या बाबूला खांद्यावर घेतलं आणि दाराकडे निघाल्या. प्रेमलता पट्टी हातात धरून उभी होती.

"एसटी सातला सुटता," ती हळूच म्हणाली.

"सुटांदे," हौसाबाई वळून म्हणाल्या. "उद्या तुझी भरती किती वाजता, ता सांग. त्याच्या आधी ह्येका घेवन येतंय."