बाहेरचं काही
नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला जन्मापासून ऑटिझम आहे. दोष कुणाचाच नाही." चाळिशीतली ज्योत्सना थेट अड्याळला आईकडे आली. विसाव्या वर्षी लग्नातल्या बँडनं ती कान दाबून किंचाळली, नवऱ्यानं हात धरताच पळाली, म्हणून सासरच्यांनी तिला आठवड्यात परत पाठवलं होतं. मग आईनंच भगताकडे नेलं. त्यानं तापल्या विळ्यानं तिची पाठ डागली. आज लेकीकडून डॉक्टरीणबाईंचं म्हणणं ऐकून लाखोरीची डाळ पाखडणाऱ्या म्हाताऱ्या आईचं सूप थांबलं. "म्हंजे तुले बाहेरचं काहीच लागलं नवतं?" "नाही, माय." "मंग तो डागत होता तवा मी तुले दाबून काहून धरलं?" तिनं रडत लेकीला मिठी मारली. स्पर्शासरशी ज्योत्सनाचं अंग ताठलं. आईनं चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. "नोको करू मले माफ," म्हणत आत गेली. ज्योत्सनाला शब्द सापडेपर्यंत आतून कडी लागली होती.