लवंगांची डबी

“चूक माझीच, भालेराव,” दवाखान्यातल्या खाटेवरून यशवंत म्हणाला. “तुमच्याइतकं पथ्य मला कुठं पाळता आलं?” त्याच्या बँडेज बांधलेल्या पायाला चारच बोटं उरली होती.

भालेरावांची मान वर होईना. रोज सकाळी फिरताना त्यांनीच छाती फुगवून सांगितलं होतं, “चाला, भाकरी खा, शुगर आपोआप उतरते. मी तर गोळ्या केव्हाच सोडल्या!” कॉलनीनं त्यांना शाल-नारळही दिला होता. त्यांचं ऐकून यशवंतनं मार्चमध्ये गोळ्या बंद केल्या.

“तोंड कडू पडलंय. तुमच्या डबीतली एक लवंग द्या.”

जेवण झालं की भालेराव भिंतीकडे वळून चांदीच्या डबीतली लवंग तोंडात टाकतात, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं.

“संपल्यात,” ते पुटपुटले आणि उठले. खिशात डबी खुळखुळली.

“आहेत की, भावोजी!” यशवंतच्या बायकोनं हसून हात पुढे केला.

भालेरावांनी मान खाली घालून डबी तिच्या तळहातावर उपडी केली. नऊ वर्षं रोज सकाळी हीच पांढरी गोळी तिनं नवऱ्याला हातानं दिली होती. ओळखायला तिला चष्मा लागला नाही.